‘प्रभाव पडला’ लिहायच्या आधी: चळवळीतला परदेशी धागा शोधायची माझी पद्धत

एमएच्या दुसऱ्या वर्षाला मी दलित पँथर या दलित तरुणांच्या लढाऊ संघटनेवर प्रोजेक्ट केला होता. पहिलंच वाक्य होतं, ‘अमेरिकेतील ब्लॅक पँथर चळवळीच्या प्रभावातून १९७२ साली मुंबईत दलित पँथरचा जन्म झाला.’ मला ते वाक्य फार भारी वाटलं होतं. मॅडमनी ‘प्रभावातून’ या शब्दाखाली लाल रेघ ओढली आणि बाजूला लिहिलं, ‘कोणाच्या हातून?’ बस्स, एवढंच. मी दोन दिवस चिडून होतो, कारण चार ठिकाणी हेच वाक्य असंच छापलेलं मी बघितलं होतं, मग माझ्याच वहीवर रेघ का. नंतर उत्तर शोधायला बसलो तेव्हा लक्षात आलं की मला यातलं काहीच माहीत नाहीये, मी फक्त वाक्य उचललंय.

प्रभाव काय पाऊस आहे का, आपोआप पडायला? मराठीत ‘प्रभाव पडला’ म्हटलं की वाक्यातून माणूसच गायब होतो. कोणीतरी काहीतरी वाचतं, बघतं, बोटीने जाऊन शिकून येतं, त्यातलं एखादं उचलतं, उरलेलं सोडून देतं, आणि मग ते इथल्या मातीत वेगळंच काहीतरी होऊन बसतं. हे सगळं त्या दोन शब्दांखाली दबून जातं. दुसऱ्या टोकाला आपले फॅमिली ग्रुपवरचे काका असतात, त्यांच्यासाठी कुठलंही आंदोलन म्हणजे ‘परदेशी हात’. गंमत म्हणजे पुस्तकातलं वाक्य आणि काकांचा फॉरवर्ड, दोघांची चूक एकच आहे. दोघंही इथल्या माणसाला काही करूच देत नाहीत.

तर पुढे जे लिहितोय ती माझी पद्धत. प्रोजेक्ट असो, एमपीएससीचं उत्तर असो, दिवाळी अंकातला लेख असो किंवा काकांशी वाद, सगळीकडे चालते. वेळ जातो, पण हात रिकामा राहत नाही.

आधी तारखा, दोन रकान्यांत

एक कागद घ्या, मधे उभी रेघ मारा. डावीकडे ‘इथे’, उजवीकडे ‘तिकडे’. आणि डावा रकाना आधी भरायचा, हा नियम मोडायचा नाही. उजवा आधी भरला की डोक्यात कॉपीची गोष्ट तयार होते आणि मग डावीकडे तिला जुळेल तेवढंच दिसतं, माझं तेच झालं होतं.

पँथरचा डावा रकाना बघा. १९५६ ला धम्मदीक्षा आणि दोन महिन्यांत बाबासाहेबांचं जाणं. १९५७ ला रिपब्लिकन पक्ष आणि पुढच्या काही वर्षांतच त्याची शकलं. मुंबईत शिकायला आलेली, होस्टेलात नाहीतर झोपडपट्टीत राहणारी, नोकरी नसलेली किंवा बँकेत-बिंकेत चिकटलेली पहिली शिकलेली पिढी. साठच्या दशकातली लघुअनियतकालिकं, म्हणजे प्रस्थापितांना सोडून स्वतःच काढलेली छोटी मासिकं, त्यात लिहिणारे हेच पोरगे. दलितांवरच्या अत्याचारांची जंत्री मांडणारा इलयापेरुमल समितीचा अहवाल, १९७० च्या आसपास संसदेत आलेला आणि तिथेच पडून राहिलेला. १९७२ चा दुष्काळ. आणि त्याच वर्षी मे महिन्यात परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात विहिरीच्या पाण्यावरून दलित बायकांना नग्न करून मारहाण, तिकडे इंदापूर तालुक्यातल्या बावड्यात दलितांवर बहिष्कार.

आता उजवा. ऑक्टोबर १९६६, कॅलिफोर्नियातलं ओकलंड, ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी काढलेला कृष्णवर्णीयांचा ब्लॅक पँथर पक्ष, दहा कलमी कार्यक्रम, पोलिसांवर नजर ठेवायला बंदुका घेऊन गस्त. १९६९ पासून पोरांना सकाळचा फुकट नाश्ता. एफबीआय मागे लागलेली. १९७१ ला पक्षात उभी फूट.

दोन्ही रकाने शेजारी ठेवले की एक गोष्ट लगेच डोळ्यात भरते. मुंबईत पँथर जन्मली तेव्हा ओकलंडची पँथर उतरणीला लागली होती. म्हणजे तिकडची लाट इकडे येऊन थडकली वगैरे जे आपण लिहितो ते तारखांतच बसत नाही. आता उजवा रकाना हाताने झाका आणि स्वतःला विचारा, एवढ्यावर इथे काही पेटलं असतं का? माझं उत्तर, शंभर टक्के पेटलं असतं, नाव मात्र वेगळं असतं.

हीच झाकाझाकी अलीकडच्या आंदोलनावर करून बघा. २ फेब्रुवारी २०२१ ला रिहानाने शेतकरी आंदोलनाबद्दल ट्वीट केलं, मग ग्रेटा थनबर्ग, मग आंदोलनाला पाठिंबा कसा द्यायचा हे सांगणारं ‘टूलकिट’, आणि राज्यसभेत ‘फॉरेन डिस्ट्रक्टिव्ह आयडिऑलॉजी’पर्यंत गोष्ट गेली. पण शेतकरी दिल्लीच्या सीमेवर बसले होते २६ नोव्हेंबर २०२० पासून, आणि पंजाबात त्याच्याही आधीपासून आंदोलन चालू होतं. ट्वीट येईपर्यंत त्यांनी दोन महिने थंडी काढली होती. ट्वीटमुळे काय झालं हा प्रश्न बरोबर आहे, पण त्याचं उत्तर ‘आंदोलन सुरू झालं’ असं येऊ शकत नाही, कॅलेंडरच आडवं येतं.

मग माणूस शोधा

मॅडमचा ‘कोणाच्या हातून’ तो हाच. गोष्ट इथपर्यंत पोचवली कोणी? तो माणूस, ते जहाज, ते मासिक, तो फॅक्स, जे काही असेल ते नावानिशी सापडलं पाहिजे.

पँथरच्या बाबतीत ज. वि. पवार आणि नामदेव ढसाळ यांच्या आपसातल्या बोलण्यातून संघटनेची कल्पना निघाली असं पवारांनी लिहून ठेवलंय, आणि ब्लॅक पँथरची माहिती ‘टाइम’ मासिकातून मिळाली होती असं सांगितलं जातं. श्रेयावरून आजही वाद आहेत, पँथरचेच दुसरे पुढारी राजा ढाले यांची बाजू वेगळी, त्यात मी पडत नाही. पण मुद्दा बघा, ओकलंडहून कोणी आलं नव्हतं, इथून कोणी गेलं नव्हतं, पैसा नव्हता, पत्रव्यवहार नव्हता. एका मासिकातला मजकूर वाचलेली पोरं होती. एवढ्या बारीक धाग्याने नाव आलं. धागा इतका बारीक असतो तेव्हा घेणाऱ्याला भरपूर मोकळीक मिळते, कारण ‘असं नसतं रे आमच्यात’ म्हणायला पलीकडचं कोणी हजरच नसतं.

फुल्यांच्या वेळी धागा जाड होता. अमेरिकन मिशनची माणसं नगरला शाळा चालवत होती, सिंथिया फरार बाईंची मुलींची शाळा जोतीरावांनी तिथे जाऊन बघितली आणि १८४८ ला पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. स्वतः ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले, माणसाच्या हक्कांवर लिहिणारा थॉमस पेन वाचलेला. म्हणजे इथे वाहक जिवंत, शेजारी राहणारे, आणि त्यांचा स्वतःचा धर्मप्रसाराचा अजेंडाही होता. म्हणून फुल्यांना घेताना निवडावंही जास्त लागलं. शाळा घेतली, ख्रिस्ती धर्म नाही घेतला.

बाबासाहेबांच्या बाबतीत वाहक ते स्वतःच. बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती, १९१३ ला न्यूयॉर्क, कोलंबिया विद्यापीठ, तिथले तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांची लेक्चर्स. या प्रकारात कागद सगळ्यात जास्त सापडतो, कारण शिकलेला माणूस पत्रं लिहितो. त्यातलं एक पत्र तर बघाच. १९४६ ला त्यांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे मोठे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना लिहिलं. सूर एकदम कामाचा आहे. अस्पृश्यांची आणि निग्रोंची स्थिती इतकी सारखी आहे की त्यांचा अभ्यास करणं गरजेचंच आहे असं सांगून पुढे, तुमच्या लोकांनी युनोकडे अर्ज दिल्याचं वाचलं, अस्पृश्यही तसं करायच्या विचारात आहेत, तर त्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मला पाठवाल का, अशी विनंती. दोन-तीन प्रती! ‘जागतिक विचारप्रवाहांचा प्रभाव’ वगैरे जे आपण लिहितो ते प्रत्यक्षात असं दिसतं, एक माणूस दुसऱ्याकडे अर्जाचा नमुना मागतोय. ड्यू बॉइस यांची कागदपत्रं अ‍ॅमहर्स्टच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने स्कॅन करून खुली ठेवलीत, घरबसल्या मोबाइलवर दिसतात. प्रोजेक्टमध्ये असा एक कागद लावला की दहा पानांची प्रस्तावना लिहायची गरज राहत नाही.

नेमकं काय आलं, त्याचे ढीग करा

इथे लोक सगळ्यात जास्त घोळ घालतात. ‘प्रेरणा’ असं एक पोतं करून त्यात सगळं कोंबतात. मी धान्य निवडल्यासारखं निवडतो: नाव आलं का, लढायची रीत आली का, एखादा शब्द किंवा कायदा आला का, तारीख आली का, बाहेरून दबाव आला का, पैसा आला का. प्रत्येकाचा हिशोब वेगळा, पुरावा वेगळा.

तारीख हा ढीग कोणाच्या लक्षातच येत नाही म्हणून तो आधी सांगतो. १९७२ ला, पुन्हा तेच साल बघा, आपल्या चंद्रपूर भागातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचं प्रकरण झालं. हायकोर्टाने दिलेली शिक्षा सुप्रीम कोर्टाने रद्द केली. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं आणि ८ मार्च १९८० ला देशात ठिकठिकाणी बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३ ला कायदा बदलला. आता ८ मार्च हा आंतरराष्ट्रीय महिला दिन, बाहेरचा. संताप देसाईगंजचा. तारखेने एवढंच केलं की वेगवेगळ्या शहरांतल्या बायकांना एकाच दिवशी बाहेर पडायला निमित्त दिलं, पण फोन करायचा तर ट्रंक कॉल लावा अशा त्या काळात हे ‘एवढंच’ फार मोठं होतं.

कायदा-शब्दाचं उदाहरण म्हणजे सुप्रीम कोर्टाचा विशाखा निकाल. राजस्थानात काम करताना सामूहिक बलात्कार झालेल्या भंवरीदेवींच्या प्रकरणानंतर कामाच्या जागी लैंगिक छळाविरुद्ध देशात कायदाच नाही हे समोर आलं, आणि १९९७ ला सुप्रीम कोर्टाने मार्गदर्शक तत्त्वं घालून देताना भारताने सही केलेल्या ‘सीडॉ’ या, स्त्रियांवरच्या भेदभावाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेतला. आपला कायदा आला २०१३ ला. मधली सोळा वर्षं ऑफिसांतल्या समित्या त्या निकालावर चालल्या. इथे बाहेरून आलेली वस्तू म्हणजे कोर्टात टेकू लावायला मिळालेला कागद, भावना वगैरे काही नाही.

आणि उलटं उदाहरणही ठेवा, म्हणजे जिथे बाहेरून काही आलंच नाही. १९७२-७३ चा मुंबईतला महागाईविरोधी लाटणं मोर्चा, मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर. हातात लाटणी आणि थाळ्या. तीन वर्षांनी युनोचं महिला वर्ष आलं म्हणून बायका जाग्या झाल्या असं कोणी लिहिलं तर त्याला ही लाटणी दाखवायची.

एक सापळा सांगतो, मी स्वतः पडलोय त्यात. १५ ऑगस्ट १९७२ ला स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं होत होती, आणि पँथर ‘काळा स्वातंत्र्यदिन’ म्हणत होती, राजा ढालेंचा त्या नावाचा लेख ‘साधना’त आला आणि केवढा गदारोळ झाला. मी प्रोजेक्टात लिहून मोकळा, की ‘काळा’ हा शब्द ‘ब्लॅक’वरून. अहो, काळे झेंडे आपण १९२८ ला सायमन कमिशनला दाखवलेत! निषेधाचा काळा इथे आधीपासून आहे. शब्द सारखा दिसला म्हणून नातं जोडायचं नाही, आधी घरात बघायचं.

काय सोडलं आणि काय बदललं

माझ्या मते खरा माल इथेच आहे. काय घेतलं ते सगळे लिहितात. काय सोडलं ते कोणी लिहीत नाही.

ओकलंडची ओळख म्हणजे बंदूक आणि नाश्ता. मुंबईने दोन्ही नाही घेतलं. बंदूक बाळगायचा हक्क तिकडच्या राज्यघटनेत होता, आपल्याकडे लायसन्स काढायला गेलात तर पोलीसच आधी विचारतील, कोण तू. मग इथल्या पँथरचं हत्यार काय? गावात अत्याचार झाला की तिथे जाऊन उभं राहणं, सभा, मोर्चे, आणि लिहिणं. भाषा हे हत्यार, तेही साजूक मराठी कानाला बोचेल असं. कवी पुढारी असलेली संघटना ही चीज ओकलंडहून आलेली नाही, ती आपल्या लघुअनियतकालिकांतून आणि त्याच्याही मागे गाण्या-नाट्यातून प्रचार करणाऱ्या आंबेडकरी जलशांतून आलीय.

आता १९७३ चा जाहीरनामा वाचा. त्यात ब्लॅक पँथरशी नातं उघड सांगितलंय, लाजत-बिजत नाहीत. पण त्याच जाहीरनाम्यात दलित कोण याची जी व्याख्या आहे ती बघा: अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कष्टकरी, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया, धर्माच्या नावाने आणि राजकीय-आर्थिक दृष्ट्या नाडलेले सगळे. तिकडे वर्ण ही अंगावर दिसणारी गोष्ट, इथे जात दिसत नाही, म्हणून ‘आपण कोण’ हेच आधी शब्दांत मांडावं लागलं. आणि याच जाहीरनाम्यावरून भांडण पेटलं. ढाले म्हणाले हा मार्क्सवाद शिरला, बुद्ध आणि आंबेडकर कुठे गेले. १९७४ ला फूट. म्हणजे परदेशी विचाराबद्दलचा वाद इथे झालाच, फक्त तो अमेरिकेवरून नाही झाला, मार्क्सवरून झाला! भांडण ‘पँथर’ या नावावरून नव्हतं. हे मला कळलं तेव्हा मी माझं अख्खं प्रकरण दोन पुन्हा लिहिलं.

याहून सुंदर नमुना हवा असेल तर फुल्यांची ‘गुलामगिरी’ हातात घ्या, १८७३. पहिलं पान उघडलं की अर्पणपत्रिका इंग्रजीत, अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना, ज्यांनी निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी निःस्वार्थ झीज सोसली. तिकडे गुलामी कायद्याने संपली १८६५ ला, म्हणजे आठ वर्षांत पुण्यातला एक माणूस त्यांना पुस्तक अर्पण करतोय. आता पान उलटा. आत काय आहे? जोतीराव आणि धोंडीबा बोलत बसलेत. मच्छ, कच्छ, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, एकेका अवताराची साल काढणं चालू आहे आणि मधे उभा आहे बळीराजा, ज्याच्यासाठी आपल्या आया आजही म्हणतात इडा पीडा टळो. दारावर अमेरिका, माजघरात बळी. घेतलं काय, तर एक तुलना, की आमचीही स्थिती गुलामीच आहे. ती तुलना खेड्यातल्या माणसाला पटवायला लिंकन काही उपयोगाचा नव्हता, तिथे बळीच लागणार.

पुढाऱ्याला विचारा, पण दोनदा

स्वतः नेत्याने ‘मी हे अमुक ठिकाणून घेतलं’ असं सांगितलं असेल तर काम सोपं, असं वाटतं ना? महाडच्या डिसेंबर १९२७ च्या परिषदेत, मनुस्मृती जाळली तीच परिषद, बाबासाहेबांनी भाषणात १७८९ च्या फ्रान्समधल्या राष्ट्रीय सभेचा दाखला दिला. झालं, फ्रेंच राज्यक्रांतीचा प्रभाव. आता १९५४ चं आकाशवाणीवरचं भाषण घ्या. तिथे ते स्वच्छ सांगतात, स्वातंत्र्य, समता, बंधुता हे मी फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनं घेतलेलं नाही, माझे गुरू बुद्ध, त्यांच्या शिकवणीतून घेतलंय.

मग खरं कोणतं? दोन्ही. १९२७ ला समोर चवदार तळं होतं, लोकांना सांगायचं होतं की आपण करतोय ते जगाच्या इतिहासातल्या मोठ्या घटनांच्या तोडीचं आहे. १९५४ ला धर्मांतर दोन वर्षांवर आलं होतं, मूळ इथल्या मातीत आहे हे सांगायची गरज होती. उगम सांगणं हेसुद्धा राजकारण असतं. म्हणून कोणतंही ‘आम्ही तिकडून प्रेरणा घेतली’ किंवा ‘आमचं सगळं इथलंच’ हे वाक्य सापडलं की बाजूला लिहायचं: कधी म्हणाले, कोणासमोर म्हणाले.

दबाव उलटा फिरून कसा येतो

नर्मदा बचाव आंदोलनाची गोष्ट याच्यासाठी हवी. अभ्यासक याला ‘बूमरँग’ म्हणतात, नाव लक्षात राहतं म्हणून बरं. आपलं सरकार दार उघडत नाही, मग तुम्ही बाहेरच्या अशा कोणाला तरी गाठता ज्याचं सरकारला ऐकावं लागतं.

नर्मदेवरच्या गुजरातमधल्या सरदार सरोवर धरणाला जागतिक बँकेने १९८५ ला ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. बुडणार होती त्यात आपली अक्कलकुवा-धडगावची आदिवासी गावंही, तेव्हा धुळे जिल्हा, आता नंदुरबार. पहिलं मणिबेली. आता कर्जामुळे एक गंमत होते. बँकेचे स्वतःचे पुनर्वसनाचे नियम असतात, ते पाळले जात नाहीत हे दाखवलं की बँक अडचणीत. आणि बँकेत सगळ्यात मोठा वाटा अमेरिकेचा, म्हणून १९८९ ला आंदोलनाच्या मेधाताई पाटकर वॉशिंग्टनला अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे साक्ष द्यायला गेल्या. तिकडच्या पर्यावरण संघटनांना बँकेवर टीका करायला ठोस प्रकरण हवं होतं, इकडच्यांना बँकेपर्यंत पोचायला वाट हवी होती. दोघांची गरज जुळली, प्रेमबीम नाही. १९९० ला जपानने टर्बाइनसाठीचा पैसा काढून घेतला.

पण नुसतं हे सांगितलं तर पुन्हा काकांचीच गोष्ट होते. डिसेंबर १९९० ला हजारो माणसं पायी निघाली, गुजरातच्या सीमेवर फेरकुव्याला अडवली गेली, थंडीत तिथेच बसली, बाबा आमटे बरोबर, आणि जानेवारीत उपोषण तीन आठवडे चाललं. त्यानंतर बँकेने स्वतंत्र समीक्षा नेमायचं मान्य केलं. ब्रॅडफर्ड मोर्स अध्यक्ष, जून १९९२ ला अहवाल, बँकेने मागे हटावं अशी शिफारस. बँकेने तरी सहा महिने ओढलं. मार्च १९९३ ला भारत सरकारनेच सांगितलं, उरलेलं कर्ज नको. म्हणजे वॉशिंग्टनची साक्ष आणि फेरकुव्याची थंडी, यातलं एक काढलं तर दुसरं लुळं पडतं. तुमच्या लेखात दोन्ही एकाच परिच्छेदात आली पाहिजेत.

आणि मग हे पण लिहायचं, टाळायचं नाही: धरण झालं. बँक गेल्यावर बँकेचे नियमही गेले, लोकांच्या हातातला तो सोटा गेला. राज्याने स्वतःचा पैसा उभा केला, २००० ला सुप्रीम कोर्टाने काम चालू ठेवायला परवानगी दिली, २०१७ ला १३८.६८ मीटरवर उद्घाटन. परदेशी दबाव जिथे चालतो तिथे परदेशी पैसा असावा लागतो, हा त्यातला कडू भाग. जगाला मात्र फायदा झाला, बँकेला १९९३ ला तक्रारींसाठी इन्स्पेक्शन पॅनल नेमावं लागलं, आणि १९९४ च्या मोठ्या धरणांविरुद्धच्या जाहीरनाम्याला, ज्यावर ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी सह्या केल्या, नाव मिळालं मणिबेलीचं. ज्या गावाला धड रस्ता नव्हता त्याचं नाव वॉशिंग्टनच्या फायलीत.

पैशाचं

हे पटकन उरकतो. ‘फंडिंग’ हा आरोप असेल तर तो तपासता येतो, चिडायचं कारण नाही. परदेशी देणग्यांचा कायदा, एफसीआरए, १९७६ चा, आणीबाणीतला. २०१० ला नवा आला, २०२० ला आणखी आवळला. नोंदणी असलेल्या संस्थेला दरवर्षी हिशोब द्यावा लागतो. म्हणून पहिला प्रश्न, ही नोंदलेली संस्था आहे की नुसतं आंदोलन? पैसा कोणत्या वर्षी आला, आंदोलन कोणत्या वर्षी पेटलं? परत ते दोन रकाने. पैसा नंतर आला असेल तर त्याने चळवळ जन्माला घातली नाही, पण बदलली असू शकते, पगारी माणसं आली, रिपोर्ट लिहिणं आलं, मोर्च्याच्या जागी वर्कशॉप आलं. ही टीका चळवळीतलीच माणसं जास्त कडवटपणे करतात, त्यांच्याकडून ऐका.

परतीची गाडी

बाहेरून आत एवढंच बघून थांबलात तर अर्धीच गोष्ट. २००१ ला डर्बनला युनोची वंशवादविरोधी परिषद झाली, दलित संघटना जात हा मुद्दा घेऊन गेल्या, भारत सरकार म्हणालं जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा घरचा मामला. १९४६ ला बाबासाहेबांनी ज्या अर्जाचा नमुना मागवला होता त्याच वाटेवरची ही पुढची पायरी, मधे ५५ वर्षं. आणि फेब्रुवारी २०२३ ला सिएटलने जातीवरून भेदभावाला बंदी घातली, असं करणारं अमेरिकेतलं पहिलं शहर. ठराव आणणाऱ्या क्षमा सावंत जन्माने पुण्याच्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसाच कायदा मंजूर केला आणि गव्हर्नरने तो नाकारला. ओकलंड त्याच राज्यात आहे, हे आपलं सहज आठवलं म्हणून.

तर डाव्या-उजव्या रकान्यांत बाण दोन्ही बाजूंनी काढा. माझ्या कागदावर शेवटी इतके बाण झाले होते की पोराने रंगवलाय असं वाटत होतं.

आणि मग वाक्य

सगळं झाल्यावर लिहायला बसलात की एकच पथ्य पाळा, कर्ता ठेवा. ‘प्रभाव पडला’, ‘प्रेरणा मिळाली’, ‘वारे वाहू लागले’, तिन्ही बंद. त्याऐवजी वाचलं, उचललं, मागवलं, सोडलं, नाकारलं, उलटवलं. ही क्रियापदं आली की कोणी, कधी, कशासाठी हे लिहावंच लागतं, आणि माहीत नसेल तर तिथेच बोट अडकतं, मग परत लायब्ररीत. माझं सुधारलेलं वाक्य असं झालं होतं: ‘रिपब्लिकन पक्षाच्या गटबाजीला कंटाळलेल्या मुंबईतल्या दलित लेखक-तरुणांनी, ब्राह्मणगाव आणि बावडा इथल्या घटनांनंतर, १९७२ साली नवी संघटना उभी केली, तिच्यासाठी त्यांनी वाचनात आलेल्या ब्लॅक पँथरचं नाव उचललं, बंदूक उचलली नाही.’ लांबलचक आहे, मान्य. पण यातल्या कुठल्याही शब्दावर बोट ठेवून विचारलं तर मी सांगू शकत होतो.

मॅडमनी वाचलं, मान हलवली, आणि परत पेन काढलं. ‘लेखक-तरुणांनी’ खाली रेघ. बाजूला लिहिलं, ‘ब्राह्मणगावच्या बायकांचं पुढे काय झालं?’